तव्यावरची ताटात

गेली सत्तावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतोय. 'पोषकद्रव्ये' हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात पोषकद्रव्याचं नाव, दुसऱ्यात ते कशातून मिळतं, तिसऱ्यात ते कमी पडलं तर काय होतं. जीवनसत्त्व अ, गाजर-पपई, रातांधळेपणा. जीवनसत्त्व क, लिंबू-आवळा-पेरू, स्कर्व्ही. आयोडीन, मीठ, गलगंड. लोह, पालेभाज्या-कडधान्यं-बाजरी, रक्तक्षय. मुलं तक्ता उतरवून घेतात, पाठ करतात, 'जोड्या लावा'मध्ये पैकीच्या पैकी मार्क मिळवतात. तेही खूश, मीही खूश.

मागच्या वर्षी नवरात्राच्या आसपास आमच्या हर्सूलमध्ये एक आरोग्य शिबिर लागलं होतं. शेजारच्या वहिनी निघाल्या म्हणून आमची ही निघाली, आणि सुट्टी होती म्हणून मी सोबत गेलो. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब घेतला, आणि कागदावर आकडा आला ८.२.

बाईचं हिमोग्लोबिन निदान १२ तरी हवं, हे मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

शिबिरातली डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल. तिने शांतपणे विचारलं, "ताई, जेवणात काय काय असतं?"

"सगळंच असतं की. पालेभाजी असते, मटकीची उसळ असते, भाकरी असते."

"आणि तुम्ही जेवता कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"तेव्हा उसळ उरलेली असते का?"

ही नुसती हसली. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, मला उत्तर माहीत नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोच्या ताटात काय असतं, हे मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून काढतो. थोडं विज्ञान येईल त्यात, मास्तरकीची सवय आहे, चालवून घ्या.

पोषकद्रव्य म्हणजे काय? पुस्तकात व्याख्या असते, 'शरीराची वाढ, झीज भरून काढणे आणि ऊर्जा मिळवणे यासाठी लागणारे अन्नातील घटक'. बरोबरच आहे. पण मला आता ती अपुरी वाटते. शरीराला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी शरीर स्वतःच बनवतं. जी गोष्ट लागते, पण आपली आपल्याला बनवता येत नाही किंवा पुरेशी बनवता येत नाही, ती बाहेरून घ्यावीच लागते. खरी अडचण तिथे आहे.

आमच्या हर्सूल-सावंगीच्या डोंगराकडे चरायला जाणारी शेळी बघा. तिला लिंबू लागत नाही. क जीवनसत्त्व ती स्वतःच्या यकृतात तयार करते. बहुतेक प्राण्यांना ते जमतं. माणसाला जमत नाही, कारण ते बनवण्याची शेवटची पायरी आपल्या शरीरात फार जुन्या काळी कधीतरी बंद पडली. म्हणून आपल्याला आवळा लागतो, पेरू लागतो. झाडाचं त्याहून वेगळं. ते हवेतून कार्बन घेतं, मुळांनी पाणी घेतं आणि ऊन खाऊन साखर बनवतं. त्याला जीवनसत्त्वं बाहेरून लागत नाहीत. पण नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त अशी चौदाएक मूलद्रव्यं त्यालाही मातीतूनच उचलावी लागतात. मूलद्रव्य कुणालाच बनवता येत नाही. ना झाडाला, ना शेळीला, ना माणसाला. लोहाचा कण मातीतून झाडात, झाडातून ताटात, ताटातून रक्तात असाच यावा लागतो. यातली एक पायरी निसटली की पुढचं सगळं थांबलं.

म्हणजे पोषकद्रव्यांची यादी ही खरं तर आपल्या परावलंबनाची यादी आहे. कोण कुणावर किती अवलंबून आहे, याची.

आता लोहाचं बघू. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. फुप्फुसातला प्राणवायू उचलून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं काम त्याचं. शरीर या लोहाच्या बाबतीत कमालीचं काटकसरी आहे. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते आणि मेली की तिच्यातलं लोह काढून नव्या पेशीत वापरलं जातं. आपल्या जुन्या घरांत मोडक्या बादलीचं पत्रं काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावायचे, तसंच. पुरुषाच्या अंगातून रोज एखादा मिलिग्रॅम लोह कमी होतं. बाईचं मात्र दर महिन्याला जास्तीचं जातं, आणि बाळंतपणात तर विचारायलाच नको.

म्हणून २०२० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी जी शिफारस केली, तिच्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. त्याच शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० कॅलरी आणि बाईला १६६० कॅलरी धरल्यात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बाईने जेवायचं कमी, पण लोह मात्र दीडपट मिळवायचं. म्हणजे तिच्या ताटातला प्रत्येक घास आपल्या घासापेक्षा जास्त कसाचा हवा. घरोघरी आपण नेमकं उलटं करतो. उसळीतली मटकी आपल्या ताटात जाते, रस्सा तिच्या ताटात राहतो.

"मग काय झालं, भाकरी तर पोटभर खाते ना?" असं कुणी म्हणेल. इथे आणखी एक नियम आड येतो. तो जर्मनीच्या कार्ल स्प्रेंगेलने आधी मांडला आणि १८४० नंतर युस्टुस फॉन लिबिगने गाजवला. शेतीशास्त्रात त्याला किमान घटकाचा नियम म्हणतात. पीक किती येणार, हे जे भरपूर आहे त्यावर ठरत नाही. जे सगळ्यात कमी आहे त्यावर ठरतं. भाकरीला पाच शेर पीठ आहे आणि पाणी एकच तांब्या आहे, तर भाकरी तांब्याभर पाण्याचीच होणार. आणखी पाच शेर पीठ ओतून काही उपयोग नाही.

यशवंत लक्ष्मण नेने नावाच्या शास्त्रज्ञांची या संदर्भातली गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. १९६०च्या दशकात उत्तरेत तराईच्या भागात भाताच्या पानांवर तांबूस गंजासारखे डाग पडायचे आणि पीक जागच्या जागी थांबायचं. खैरा म्हणायचे त्याला. सगळ्यांना वाटायचं, रोग असणार. पंतनगरच्या विद्यापीठात नेन्यांनी १९६६ साली दाखवून दिलं की हा रोगच नाही, जमिनीत जस्त कमी पडतंय. झिंक सल्फेट दिलं की भात हिरवागार! नत्राची कितीही पोती ओतली असती तरी ते होणार नव्हतं.

हे झालं मुळातच कमी असण्याचं. आपल्याकडचा प्रकार जरा निराळा आहे. माझ्या मेव्हण्याची पैठण तालुक्यात मोसंबी आहे. मधे एकदा झाडांची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. लोहाची कमतरता. आता गंमत बघा. आपली ही सगळी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली. त्या पाषाणात लोह भरपूर. म्हणजे झाड लोहाच्या ढिगावर उभं आहे आणि लोहावाचून पिवळं पडतंय! कारण जमीन चुनखडीची, तिचा सामू जास्त. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येईल अशा रूपात नसतं. कृषी अधिकाऱ्यांनी मेव्हण्याला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, "लोह आहे हो, पण ते उपलब्ध नाही."

शिबिरातून घरी आल्यावर मला तेच वाक्य आठवलं. आमच्या घरात लोह होतं. मेथी होती, मटकी होती, बाजरी होती, हळिवाचा डबासुद्धा होता. हिला ते उपलब्ध नव्हतं.

का नव्हतं? हा प्रश्न मी खरोखर तपासून बघायचं ठरवलं. आठवडाभर नुसतं निरीक्षण केलं. आमच्याकडे कुणी दुष्ट नाही. कुणी तिला कमी खा म्हणत नाही. माझी आई असती तर तिनेही म्हटलं नसतं. मग अडतं कुठे? अडतं तव्यावर.

आपल्याला भाकरी गरम लागते. नुसती गरम नाही, तव्यावरची थेट ताटात पडायला हवी, टम्म फुगलेली, वाफ निघणारी. भाकरी एकावेळी एकच होते. मी जेवतो, मुलगा जेवतो, आणि ही परातीपाशी. एक थापायची, एक तव्यावर, एक विस्तवावर. आमची झाली की तिची. तोवर तव्याची धग लागून भूकही मेलेली असते, आणि भांड्याच्या तळाला जे काय असेल ते पुसून ती खाते. उसळ नाही, तर ठेचा. ठेचा नाही, तर लोणचं. वर सगळं आवरेपर्यंत तीन वाजतात, चहाची वेळ होते, आणि जेवल्याजेवल्या सगळ्यांबरोबर कपभर चहा. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अडवतो, हे मी फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. शाकाहारी जेवणातलं लोह आधीच अंगी लागतं ते जेमतेम दहावा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी. त्यात हा चहा. लिंबू पिळलं तर ते लोह जास्त शोषलं जातं, पण तिची वेळ येईपर्यंत फोडी संपलेल्या.

आणि उपास! सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपासाबद्दल मी काही बोलणार नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, एवढं तर मास्तर म्हणून सांगायलाच हवं. शेंगदाण्याचं कूट आहे म्हणून थोडंफार निभावतं.

हे सगळं एका दुपारी मी जेवताना बोलून दाखवलं. तेव्हा आमची मुलगी, कॉलेजला असते, ती सहज म्हणाली, "बाबा, म्हणून तर मी आईबरोबर बसते. तिला एकटीला जेवावं लागू नये म्हणून."

मी दुसऱ्याच दिवशी मुलीचं रक्त तपासून घेतलं. १०.४.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. पोरीने आईवरच्या मायेपोटी आईची पंगत धरली होती, आणि त्या पंगतीत जे नव्हतं ते तिलाही मिळालं नव्हतं. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला तिचा भाऊ माझ्या पंगतीला. त्याचं १४.१. एकच घर, एकच चूल, एकच मटकी.

आता आकडे बघा, म्हणजे हे माझ्या एकट्याच्या घरचं रडगाणं नाही हे कळेल. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे वाढला! सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर ६८.९ टक्के. देशभरात बायकांमध्ये ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये २५. या फरकाला शरीरही कारण आहे, ते मी वर सांगितलंच. सगळाच रक्तक्षय लोहामुळे होत नाही हेही खरं, बी-१२ असतं, फोलेट असतं, जंत असतात, काही आनुवंशिक आजार असतात. म्हणून डॉक्टरला दाखवायला हवं, घरचे उपाय करत बसू नये. पण शरीराची गरज दीडपट असताना ताट मात्र शेवटचं, याला शरीर जबाबदार नाही. ते आपण केलंय.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१३ पासून शाळांमध्ये दर आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देतात. मी स्वतः वाटलीय. काही मुली तोंडात धरून मागच्या मागे थुंकून टाकायच्या, मळमळतं म्हणून. आता वाटतं, गोळी देताना त्यांना एवढं तरी विचारायला हवं होतं की बाई, घरी तू कुणाबरोबर जेवतेस?

आणि शास्त्रज्ञ तर किती जवळ येऊन थांबलेत! परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने बाजरीचे दोन संकरित वाण काढले. २०१७ साली एएचबी १२००, २०१८ साली एएचबी १२६९. नावातला 'ए' आपल्या औरंगाबादचाच, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. नेहमीच्या बाजरीत किलोला ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं. पहिल्या वाणात ७३, दुसऱ्यात ९१. हिशेब करा. दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर नेहमीच्या बाजरीतून नऊ-दहा मिलिग्रॅम, एकातून साडेचौदा, दुसऱ्यातून अठरा. त्यातलं थोडंच अंगी लागणार, पण थोडं कशाचं ते महत्त्वाचं. अशाच जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव ग्रामीण महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना काही महिने खाऊ घालून अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुलांमधला लोहाचा साठा सुधारल्याचं त्यात दिसलं.

बाजरी तयार आहे. जमिनीतून लोह उचलून दाण्यात आणायचं अवघड काम विद्यापीठाने करून दिलं. पण दाण्यातून ताटात, आणि तेही कुणाच्या ताटात, हे काही विद्यापीठ करू शकत नाही. ९१ मिलिग्रॅमवाली बाजरी घरात आली तरी पहिली गरम भाकरी माझ्याच ताटात पडणार आणि तिच्याबरोबरची उसळही माझ्याच.

आमच्या हर्सूलकडच्या डोंगरातून सतराव्या शतकात मलिक अंबरने शहरात पाणी नेलं, ती नहर-ए-अंबरी. त्या माणसाची थोरवी कशात होती? पाणी त्याने निर्माण केलं नव्हतं, ते डोंगरात होतंच. ते शेवटच्या हौदापर्यंत पोचेल अशी वाट त्याने बांधली. मला वाटतं पोषणाचंही तसंच आहे. आपण सगळा वेळ 'काय खावं' यावर बोलतो. पेपरात सदरं येतात, टीव्हीवर आहारतज्ज्ञ येतात, व्हॉट्सअपवर तर रोज एक नवीन बी येतं. 'कोण कधी खातं' यावर कुणी बोलत नाही. कारण ते घरचं असतं, आणि घरच्याबद्दल बोलायचं नसतं.

शाळेत स्टाफरूममध्ये मी हे काढलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, त्या स्वतःच बसत नाहीत हो. आपण काय हात धरून बसवायचं?" हा मुद्दा मीही अनेक वर्षं वापरलाय. पण खरंच विचार करा, ती बसेल कशी? तवा तापलाय, ताटं वाढलीत, तिसरी भाकरी मागणारा आवाज येतोय. बसायला जागाच ठेवलेली नाही आणि वर म्हणायचं ती बसत नाही.

दुसरे एक म्हणाले, "आपल्या आया अशाच जेवल्या, त्यांना काय झालं?" यावर मी तेव्हा गप्प बसलो. त्याचं उत्तर शेवटी देतो.

माझं म्हणणं साधं आहे. किमान घटकाचा नियम शेताला लागतो तसा घरालाही लागतो. घर किती धडधाकट आहे हे कमावत्या माणसाच्या ताटावरून ठरवू नका, सगळ्यात शेवटी जेवणाऱ्याच्या ताटावरून ठरवा. आणि ते ताट सुधारायला पहिली गोष्ट कुठली सोडावी लागेल, तर गरम भाकरीचा हट्ट. भाकरी सगळ्या करून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवा. सगळ्यांनी एकदम बसा. भाजी-उसळ आधी तिच्या ताटात वाढा, मग मुलांच्या, मग आपल्या. कोमट भाकरीने कुणी मरत नाही. शेतात फडक्यात बांधून नेलेली भाकरी आपले आजे-पणजे खातच होते की, तेव्हा कुठे तवा होता बांधावर?

यात कुठलाही त्याग नाही, कृपया तसं समजू नका. ज्याची गरज जास्त त्याला आधी, हा हिशेब आहे. पिवळं पडलेल्या मोसंबीला आपण खत देतो तेव्हा तिच्यावर उपकार करत नाही.

मी हे घरी जाहीर केलं तेव्हा ही म्हणाली, "अहो, गार भाकरी तुमच्या गळ्याखाली उतरेल का?" प्रश्न योग्य होता. पहिले दोन दिवस उतरली नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पहिल्या रात्री चौघं एकत्र बसलो तर ही तीनदा उठली. एकदा मिठासाठी, एकदा पाण्यासाठी, एकदा लिंबासाठी. चौथ्यांदा उठायला लागली तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, बस." मग मी उठलो आणि लिंबू कापायची सुरी कुठे असते हे मला माहीत नाही असं लक्षात आलं.

गोळ्या चालू आहेत. लोहाची, आणि तपासणीत बी-१२ही कमी निघालं म्हणून त्याची. चार महिन्यांनी हिचं १०.९ झालं, मुलीचं ११.८. श्रेय गोळ्यांचंच, माझ्या भाषणाचं नाही. पण गोळ्या काही महिन्यांनी बंद होतील, जेवण रोज राहणार आहे. चहा आम्ही तासभर पुढे ढकललाय. मी भाकरी करायला शिकतोय. माझ्या भाकरीला अजून कडा नीट येत नाहीत, आणि ती फुगत तर मुळीच नाही. मुलगा म्हणतो, नकाशा शिकवायला घेऊन जा शाळेत.

आता त्या राहिलेल्या उत्तराकडे येतो. आपल्या आयांना काय झालं?

आमचं जुनं घर इथेच, हर्सूलच्या गावठाणात. माझी आई दुपारी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि निवडता निवडता मूठमूठ कच्चे तांदूळ खायची. पहिला पाऊस पडला की भिंतीच्या ओल्या मातीचा पोपडा काढून हळूच तोंडात टाकायची. आम्ही भावंडं हसायचो. "आई माती खाते, आई माती खाते," करत अंगणभर नाचायचो. तीही हसायची आणि पदराने तोंड पुसायची. चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून थांबायची, तेव्हा मात्र आम्ही हसायचो नाही, कारण ते आमच्या लक्षातच यायचं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, शिकवण्यासाठी म्हणून एक पुस्तक चाळताना वाचलं की कच्चे तांदूळ, माती, खडू खावंसं वाटणं हे बऱ्याचदा अंगातलं लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. आणि माती खाल्ल्याने ते भरून निघत नाही, उलट आणखी अडतं. तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं हिमोग्लोबिन किती होतं, हे आम्ही कधी तपासलंच नाही.

असो. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एवढंच करा. तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं, ते एकदा उठून बघून या.